कॅमेऱ्यासमोर अवघडायला होतं? आधी हात कामाला लावा

लालबागच्या चाळीतल्या खोलीत मी मसाल्यांचे व्हिडिओ करते. मिरची घ्यायला येणाऱ्या बायका हमखास म्हणतात, "ताई, आम्हालाही करायचेत, पण स्वतःला बघवत नाही आणि आवाज तर ऐकवतच नाही."

आवाजाचं आधी सांगते. बोलताना आपला आवाज हवेतून येतो तसा कवटीच्या हाडांतूनही कानाला पोचतो, म्हणून आपल्याला तो भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांचा भाग नसतो. फोनमधला तो 'पातळ' आवाज घरचे रोज ऐकतात, आणि त्यांना तो कधी खटकलेला नाही. चेहऱ्याचंही तेच. आरशातल्या उलट्या चेहऱ्याची सवय असते, सुलटा दिसला की काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं. त्यात फोन जवळ. 2018 मधल्या एका अमेरिकन अभ्यासाच्या गणितानुसार 12 इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक, 5 फुटांवरून काढलेल्यापेक्षा साधारण 30 टक्के रुंद दिसतं. तेव्हा फोन लांब ठेवा.

मी मागचाच कॅमेरा वापरते. स्वतःचं तोंड समोर दिसत नसलं की सारखे केस सावरावेसे वाटत नाहीत. डब्यांवर डबे रचून फोन डोळ्यांच्या उंचीला आणायचा, लेन्सशेजारी लाल टिकली लावायची आणि तिकडेच बघून एकाच माणसाशी बोलायचं. मी पनवेलच्या नणंदेशी बोलते: "अगं, बेडगी रंगाला, तिखटाला लवंगी घे." 'नमस्कार मित्रांनो'ने सुरुवात केली की माझा आवाज सभेतल्यासारखा चढतो, तिच्याशी बोलताना चढत नाही.

हात मोकळे ठेवू नका. मी मिरच्यांची देठं खुडत बोलते, खांदे आपोआप सैल पडतात. तुमचा विषय हिशेबाचा असेल तर वही-पेन घ्या. पहिलं वाक्य तेवढं पाठ करा. अडखळलात तर रेकॉर्डिंग बंद न करता तेच वाक्य पुन्हा म्हणा, नको ते नंतर कापता येतं.

वेळ दुपारची बरी. नळाची गडबड संपलेली असते, गॅलरीत फारसं कोणी नसतं, त्यामुळे 'शेजारी ऐकतायत' ही धास्ती कमी होते. चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून तोंड खिडकीकडे करून बसा.

झालेला व्हिडिओ लगेच बघू नका. दुसऱ्या दिवशी फोन पालथा ठेवून आधी नुसता ऐका. मग ज्या माणसाशी बोललात त्यालाच पाठवा. "कसा झालाय?" विचारू नका. मी नणंदेला विचारते, "किलोभर मसाल्याला बेडगी किती, कळलं का?" कळलं म्हणाली की व्हिडिओ ऑनलाइन टाकते, पुन्हा बघत बसत नाही.