यॉर्कची मध्ययुगीन धर्मनाट्यं बसवताय? या चुका टाळा

मध्ययुगीन युरोपातलं धार्मिक नाटक म्हणजे चर्चमधलं प्रवचन, असं समजून संहिता हातात घेतली की सगळंच बिघडतं. चर्चमध्येही नाट्य होतं. 970 च्या सुमारास इंग्लंडच्या मठांत ईस्टरला येशूच्या रिकाम्या कबरीचा (पुनरुत्थानाचा) प्रसंग लॅटिनमध्ये गाऊन सादर होत असे. इंग्लंडमधल्या यॉर्क शहराची नाटकं मात्र रस्त्यावरची, लोकांच्या इंग्रजीतली आणि कारागिरांच्या संघांनी पदरमोड करून उभी केलेली. नोहाची नौका जहाज बांधणाऱ्यांकडे, येशूचं शेवटचं भोजन बेकरीवाल्यांकडे. कुठला प्रसंग कोणाकडे होता हे आधी पाहा.

सर्वांत जास्त कात्री चालते ती क्रूसारोहणाच्या प्रसंगावर. तो टाचण्या-खिळे घडवणाऱ्यांचा. चार सैनिक येशूला खिळतात, तर क्रूसाची भोकं चुकीच्या जागी पडलेली. मग दोरीने हात ताणणं, कुरकुर, एकमेकांवर ढकलणं. क्रूस उभा केल्यावर तो रोवायची खाचही मोठी निघते, पाचरी ठोकाव्या लागतात. दिग्दर्शक ही बडबड ‘विनोदी भरणा’ म्हणून काढतात आणि मग प्रसंग का पडतो ते कळत नाही. खरी भीती त्या बडबडीतच आहे: माणसं कामात इतकी गुंतलीत की समोर माणूस आहे हेच विसरलीत. सैनिकांना राक्षसी करू नका, कामात बुडालेले ठेवा. येशू दोनदाच बोलतो. मधल्या शांततेत पार्श्वसंगीत तर मुळीच नको.

दुसरा घोळ, सगळ्या प्रसंगांत एकसंध येशू शोधण्याचा. प्रत्येक संघाची रंगमंच म्हणून वापरायची चाकांवरची गाडी वेगळी, नटही वेगळा. पहाटे साडेचारपासून गाड्या ठरलेल्या ठिकाणी थांबत आणि तोच प्रसंग दर थांब्यावर पुन्हा होई. या नाटकांच्या जुन्या हस्तलिखितात असे जवळपास 48 प्रसंग आहेत. सगळे एका संध्याकाळी बसवायचा हट्ट सोडा; दोन-तीन निवडा.

ही परंपरा प्रेक्षक कंटाळल्याने संपली, असं माहितीपत्रकात लिहू नका. सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतर सत्तेचा दबाव वाढत गेला. 1569 नंतर प्रयोग झाले नाहीत.

नेपथ्यासाठी 1951 च्या पुनरुज्जीवनाची छायाचित्रं प्रमाण मानू नका. तो प्रयोग मठाच्या अवशेषांत, एका जागी झाला. त्याऐवजी व्यापारी संघाची 1433 ची सामानयादी वाचा: चारचाकी गाडी, नरकाचं तोंड, देवाला वर नेणारी लोखंडी बैठक, आणि बारीक दोरीवर स्वर्गात पळणारे नऊ छोटे लाल देवदूत.