मर्टल बीचला गोल्फ खेळायचंय? आधी नकाशा बघा

साउथ कॅरोलायनातल्या मर्टल बीचला सुट्टीवर जाताना कोर्सचे फोटो आणि रेटिंग बघण्याआधी अंतर बघा. हा किनारपट्टा जवळजवळ 100 किलोमीटर लांब आहे. मुक्काम उत्तर टोकाला आणि सकाळचा टी-टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) दक्षिणेला पॉलीज आयलंडमध्ये असेल, तर हायवे 17 च्या गर्दीतच दमून जाल. शक्यतो शेजारी-शेजारी असलेले कोर्स निवडा. कॅलेडोनिया आणि ट्रू ब्लू ही माझी सगळ्यात आवडती जोडी. दोन्ही माइक स्ट्रँट्झने आखलेले, दोन्ही सगळ्यांना खुले, पण स्वभाव वेगवेगळा. कॅलेडोनिया (1994) जुन्या भातशेतीच्या जागेवर, मोठाल्या ओक वृक्षांमध्ये, जरा अरुंद. शेवटच्या होलला पाण्यावरून मारलेला चेंडू क्लबहाउसच्या व्हरांड्यासमोरच उतरवायचा असतो. ट्रू ब्लूचे फेअरवे (खेळायचे कापलेल्या गवताचे पट्टे) ऐसपैस, त्यामुळे ड्राइव्ह, म्हणजे पहिला लांब फटका, थोडा भरकटला तरी निभावतं. वाळू मात्र भरपूर.

पैसे भरण्याआधी फोन करून एक नक्की विचारा: ग्रीनला, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताला, मुळांपर्यंत हवा जावी म्हणून भोकं कधी पाडणार? बर्म्युडा गवताची ही देखभाल सहसा उन्हाळ्यात होते आणि नंतर काही दिवस पुटिंग करताना, म्हणजे ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळवताना, तो उड्या मारतो. उन्हाळ्यात दुपारनंतर दर उतरतात, पण तेव्हाच विजांसह पाऊसही येतो. खेळ अर्धवट राहिला तर पैसे परत मिळतात की रेन चेक (नंतर खेळायला वापरता येणारी पावती), हेही त्याच फोनवर विचारून घ्या.