तुरुंगात समाजकार्य करायला येणाऱ्यांसाठी: गर्दी, रात्र आणि अडकलेले कागद

एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीची मुलं फील्डवर्कसाठी तुरुंग निवडतात, तेव्हा बहुतेकांच्या डोक्यात टोळ्या, मारामाऱ्या आणि अंडासेल असतो. घरचेही त्याच धास्तीने विचारतात, "बाई, सुरक्षित आहे ना तिथे?" मी मध्यवर्ती कारागृहांत कच्च्या, म्हणजे खटला अजून निकाली न लागलेल्या, कैद्यांसोबत बरीच वर्षं काम करते आहे. तुम्ही तिथे बऱ्यापैकी सुरक्षित असता. आत राहणारा माणूस मात्र सुरक्षित नसतो, आणि त्याला सर्वांत मोठा धोका गर्दीचा असतो. ही गर्दी का साचते ते समजून घेतलंत, तर तुमच्या हातून खरं काम होईल.

आधी परवानगीचं थोडक्यात सांगते. ती पुण्याच्या कारागृह मुख्यालयातून येते आणि वेळ लागतो, म्हणून कॉलेजचं पत्र सत्र सुरू होण्याआधीच पाठवा. मोबाइल, पैसे, पेनड्राइव्ह सगळं गेटवर ठेवावं लागतं. झडती होते. तिचा राग मानू नका, तिथल्या शिपायाचीही बॅग तपासली जाते. वही आणि पेन नेता येईल का, हे परवानगीच्या पत्रात लिहून घ्या, नाहीतर रोज गेटवर वाद होतो.

आता बराक. मॉडेल प्रिझन मॅन्युअल या केंद्राच्या नमुना तुरुंग नियमावलीप्रमाणे झोपायच्या बराकीत माणशी ३.७१ चौरस मीटर जागा हवी, आणि रात्री वापरायला दर १० जणांमागे एक संडास. हे दोन आकडे पाठ करा आणि बराकीत शिराल तेव्हा मनात हिशोब मांडा. देशातल्या तुरुंगांची क्षमता २०२२च्या सरकारी आकडेवारीत ४,३६,२६६ होती आणि आत होते ५,७३,२२० लोक. पण ही सरासरी फसवी आहे. आटपाडीच्या स्वतंत्रपूरसारख्या कैद्यांच्या खुल्या वसाहतीत माणूस शेतात मोकळा फिरतो, आणि शहरातल्या मध्यवर्ती कारागृहात एका कुशीवर झोपतो. पाठीवर झोपायचं तर शेजारच्याला उठवावं लागतं. नव्या माणसाला जागा मिळते ती संडासाच्या तोंडाशी, आणि तिथून पुढे सरकायला ओळख तरी लागते किंवा पैसा.

अशा जागेत काय पसरतं? सर्वांत आधी खरूज. ती एका अंथरुणावरून दुसऱ्या अंथरुणावर जाते आणि एकट्या माणसाला मलम देऊन जात नाही. अख्ख्या बराकीला एकाच वेळी औषध, कपडे-चादरी गरम पाण्यात, असं करावं लागतं. जिथे पाणीच तासभर येतं तिथे गरम पाणी कुठून आणणार? खरजेमागोमाग क्षयरोग. बंद हवा, अपुरं खाणं आणि शेजाऱ्याचा खोकला तोंडावर, म्हणून तुरुंगात क्षयाचं प्रमाण बाहेरच्या कित्येक पट असतं. कोणी दोन आठवड्यांहून जास्त खोकतोय असं कळलं तर त्याच दिवशी तुरुंगाच्या डॉक्टरांना लेखी कळवा. आणि तुम्ही स्वतःही वर्षातून एकदा छातीचा एक्स-रे काढा. हे मी प्रत्येक नव्या मुलीला बजावून सांगते.

रात्रीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तुम्ही दिवसा जाता आणि रात्र तुम्हाला कधी दिसत नाही. संध्याकाळचं जेवण पाचच्या सुमाराला वाटलं जातं, मग गिनती, म्हणजे डोकी मोजणं, मग कुलूप. सकाळपर्यंत ते उघडत नाही. इन्सुलिन घेणारा माणूस संध्याकाळी पाचला जेवून सकाळपर्यंत कसा राहतो, याचा विचार करा. रात्री दोनला कुणाच्या छातीत दुखलं तर बराकीतले लोक गज वाजवतात, ओरडतात. पहारेकरी आला तरी किल्ली त्याच्याकडे नसते. अधिकारी येणार, डॉक्टरला कळवणार, बाहेरच्या रुग्णालयात न्यायचं तर पोलीस मुख्यालयातून एस्कॉर्ट मागवणार. त्यात जाणारा वेळ ज्याच्या छातीत दुखतंय त्याच्या आयुष्यातून जातो. २०२२ मध्ये देशातल्या तुरुंगांत १,९९५ माणसं गेली. त्यातले १,७७३ मृत्यू 'नैसर्गिक' म्हणून नोंदले आहेत. वेळेवर दवाखाना न मिळालेला माणूस याच रकान्यात जातो, म्हणून तो शब्द वाचून समाधान मानू नका. म्हातारे, मधुमेही, फिट येणारे, गरोदर बाया यांची यादी तुमच्याजवळ असू द्या, आणि त्यांना कुलुपाजवळच्या जागी हलवावं अशी लेखी विनंती करा. बरेच अधिकारी ती मान्य करतात.

आदिवासींसाठी काम करणारे धर्मगुरू स्टॅन स्वामी यांचं उदाहरण तुमच्या पिढीला माहीत असेल. ८३ वर्षांच्या, पार्किन्सन्स झालेल्या माणसाला तळोजा कारागृहात असताना पाणी प्यायला स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी कोठडीत असतानाच मुंबईच्या रुग्णालयात ते वारले. त्यांच्यामागे वकील होते, वर्तमानपत्रं होती. ज्याच्यामागे कुणीच नाही, त्याच्या हातात पाण्याचा पेला धरणारा बराकीतला शेजारी असतो आणि त्या शेजाऱ्याचं नाव कुठल्याही नोंदीत येत नाही.

मारहाणही होते, ते लपवण्यात अर्थ नाही. भायखळ्याच्या महिला कारागृहात जून २०१७ मध्ये मंजुळा शेट्ये यांचा मृत्यू झाला. त्या स्वतः शिक्षा भोगणाऱ्या बंदी, म्हणजे कैदी होत्या आणि वॉर्डरचं, म्हणजे बराकीवर देखरेखीचं काम बघत होत्या. अंडी आणि पाव कमी भरले, या कारणावरून त्यांना मारल्याचा आरोप झाला आणि तुरुंगाच्या सहा कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा नोंदला गेला. तो नोंदला गेला एका सहबंदिनीच्या तक्रारीवर. त्या बाईने तक्रार दिली आणि रात्री त्याच आवारात झोपली. ही गोष्ट मी मुलांना पुन्हा पुन्हा सांगते, कारण त्यात आपल्या कामाचा सगळ्यात महत्त्वाचा नियम आहे. तक्रार करणारा माणूस आतच राहणार आहे.

म्हणून तुमच्यामुळे कोणी उघडा पडता कामा नये. 'अमुक बंदी म्हणाला' असं कधी बोलू नका, लिहूही नका. पाण्याचा प्रश्न असेल तर वेगवेगळ्या बराकींतल्या दहा-पंधरा जणांना सहज विचारा, आणि अधीक्षकांकडे जाताना "सर्कल दोनमध्ये सकाळी पाणी पुरत नाही" एवढंच न्या (सर्कल म्हणजे तुरुंगाचा एक विभाग). तारीख घालून, प्रत ठेवून. काहीच हललं नाही तर गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आहेत, तुरुंगाला भेट देणारे जिल्हा न्यायाधीश आहेत, तुरुंगाची पाहणी करणारं अभ्यागत मंडळ आहे. मारहाणीची गोष्ट मात्र वेगळी. ती ऐकली की थांबायचं नाही. माणसाची संमती घ्या, वकील गाठा आणि वैद्यकीय तपासणी करून घ्या, कारण चार दिवसांनी वळ दिसत नाहीत.

कुणाची चिठ्ठी बाहेर नेऊ नका. गुन्हा काय केला, हे आपण होऊन विचारू नका. आणि "मी तुम्हाला सोडवते" असं कधीही म्हणू नका. आतला माणूस त्या एका वाक्यावर महिनाभर जगतो.

आता गर्दीच्या मुळाशी येऊ. आत असलेल्या दर चार माणसांपैकी तिघांवर अजून गुन्हा सिद्ध झालेला नाही. त्यातल्या कित्येकांना जामीनही मंजूर झालेला असतो, फक्त जामीनदार नसतो. मुंबई-ठाण्यात पोट भरायला आलेल्या मुलाकडे इथलं रेशनकार्ड कुठलं? पंधरा हजारांसाठी तो वर्ष काढतो. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर स्पष्ट निर्देश दिले. जामीन मिळून सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिनाभरात जामीनपत्र भरलं गेलं नाही तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करायचा विचार करू शकतं. गरीब कैद्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी पैशांची मदत मिळू शकते (२०२३च्या मूळ नियमांत ती ४०,००० रुपयांपर्यंत होती). जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ तर तोंडपाठ हवं. पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला असेल, इतरांनी निम्मा, तर सुटकेचा विचार व्हायलाच हवा आणि त्यासाठी न्यायालयाकडे अर्ज अधीक्षकांनी करायचा आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त प्रकरणं असलेले यात येत नाहीत. जुन्या खटल्यांनाही हे लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं.

हे कोरडं वाटतं, माहीत आहे. मुलांना समुपदेशन करायचं असतं, गट घ्यायचे असतात. तेही करा. पण मे २०२० आठवा. ८०४ जणांसाठी बांधलेल्या आर्थर रोडमध्ये तिपटीहून जास्त माणसं होती आणि बघता बघता शंभरावर बंद्यांना कोविड झाला. तेव्हा सरकारला, न्यायालयांना सापडलेला उपाय कोणता होता? माणसं तात्पुरत्या जामिनावर आणि पॅरोलवर बाहेर सोडणं. हजारो सुटली. आजार वेगळा असला तरी उपाय आजही तोच लागू पडतो. तुमच्या खटपटीने बराकीतून एक माणूस घरी गेला की उरलेल्यांना तेवढी जागा, तेवढी हवा मिळते. नवा संडास मंजूर होऊन बांधला जाईपर्यंत तुमचं फील्डवर्क संपलेलं असेल. जामिनाचा कागद तुमच्या काळात हलू शकतो.

बायकांच्या विभागात काम करणार असाल तर मुलांकडे लक्ष द्या. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं. त्याचं दूध, लसीकरण, बालवाडी हे सगळं वेगळं मागावं लागतं, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तसं बजावलेलं असूनही. आणि बायकांना भेटायला फार कमी लोक येतात. पुरुष आत गेला तर बायको मुलाकातीच्या रांगेत उभी राहते. बाई आत गेली की माहेर-सासर दोन्ही तुटतं. साबण, पॅड, अंतर्वस्त्रं घरून येत नाहीत, म्हणून मागणी तुम्हीच लावून धरायची.

कर्मचाऱ्यांना शत्रू समजू नका. पदं रिकामी, ड्यूटी लांब, आणि हवा त्यांच्याही वाट्याला तीच. ज्या शिपायाला मी पहिल्या वर्षी घाबरायचे, त्याच्याच मदतीने पुढे कित्येक माणसं वेळेवर दवाखान्यात पोचली. मात्र चुकीच्या गोष्टीवर त्यांच्यासोबत हसूही नका. आत सगळे तुमच्याकडे बघत असतात.

मानधन थोडं असतं, संस्था कमी आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून हे काम करतो आहे, तिथे शिकायला मिळालं तर सोडू नका. विधी सेवा प्राधिकरणाचं विधी स्वयंसेवक प्रशिक्षण कुठल्याही जिल्ह्यात करता येतं. पहिल्या महिन्यात एवढंच करा: एका बराकीतल्या प्रत्येकाचं नाव, कलम, अटकेची तारीख, वकील आहे का, जामीन झालाय का, पुढची तारीख कधी, हे वहीत उतरवा. कलम ४७९ मध्ये बसणारी आणि जामीन होऊनही आत असलेली नावं वेगळी काढा. ती यादी घेऊन विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे जा, आणि कोणत्या कच्च्या कैद्यांना सोडता येईल हे तपासणाऱ्या विचाराधीन बंदी आढावा समितीच्या पुढच्या बैठकीआधी तिची एक प्रत अधीक्षकांच्या टेबलावर असू द्या.