बाहेरच्या राज्यातल्या पेशंटबरोबर दवाखान्यात दुभाषी म्हणून जाताय? मग हे वाचा

मी पुण्यात बांधकाम साईटवरच्या पाळणाघरात काम करते आणि आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी दारात येऊन उभं राहतंच, दीदी हॉस्पिटल चलोगे क्या. पोरांच्या आया मालदा-मुर्शिदाबादच्या, काही बिहारच्या, दोनचार झारखंडच्या. बंगाली मी काही क्लास लावून शिकले नाही, पोरांना भरवता भरवता शिकले, त्यामुळे जेवणाचं आणि रागवायचं बंगाली फर्स्ट क्लास, आजारपणाचं मात्र कच्चं, आणि त्याचा फटका एकदा चांगलाच बसलाय.

एका पोराची आजी, पन्नाशीची असेल, "बुके बॅथा, बुके बॅथा" करत होती. मी ऐकलं भूक. हातही नेमका पोटाच्या वरच्या बाजूला, त्यामुळे मला काही शंकाच आली नाही, डॉक्टरांना सांगितलं की भुकेच्या वेळेला दुखतं म्हणतायत, ॲसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या, आलो घरी. संध्याकाळी सून कपाळाला हात लावून म्हणाली, दीदी बुक मतलब छाती! रात्रीच परत नेलं, ईसीजी काढला, नशिबाने हार्टचं काही निघालं नाही. चूक डॉक्टरांची नव्हती, माझी होती. तेव्हापासून एक सवय लावून घेतलीये आणि तुम्हीही लावा: पेशंटला आधी बोट ठेवून दाखवायला सांगायचं कुठे दुखतंय, मग शब्द विचारायचा, आणि दोन्ही जुळले तरच डॉक्टरांना सांगायचं.

असे शब्द बरेच आहेत. बंगालीत तापाला ज्वर म्हणतात पण बोलताना तो "जॉर" ऐकू येतो, आपल्याला वाटतं काहीतरी जोर लावायचं चाललंय. "घुम होय ना" म्हणजे झोप येत नाही, फिरण्याचा काही संबंध नाही. "गा गुलाच्छे" म्हणजे मळमळतंय. घाम मात्र तिकडेही घामच. आणि गंमत अशी की आपली मराठी पण तेवढीच फसवी आहे, सिस्टर हिंदीत विचारतात "कला आती है क्या" आणि ती बिचारी नऊ महिन्यांची बाई बघत बसते की मला कसली कला येणार. कळा हा शब्द हिंदीत तसा चालतच नाही, दर्द म्हणा. "अंगावरून पांढरं जातं" याचं शब्दाला शब्द हिंदी तर करूच नका, बिहार-यूपीच्या बाईला सरळ "सफेद पानी" विचारा, लगेच कळतं.

म्हणून पहिलं काम दवाखान्यात नाही, निघायच्या आधीच करायचं. "हिंदी आती है?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. मुकादमाशी हजेरीपुरतं हिंदी बोलणं वेगळं आणि अंगाचं दुखणं सांगणं वेगळं. विचारा की घरी आईशी कुठल्या भाषेत बोलता. बिहार म्हटलं की भोजपुरी असेल, मैथिली असेल, मगही असेल. झारखंडची संथाल बाई असेल तर तिच्या भाषेचं हिंदीशी नातंच नाही, संथाली ही आपल्या मेळघाटातल्या कोरकूच्या कुळातली भाषा, तेव्हा हिंदी जरा मोठ्याने आणि सावकाश बोललं की समजेल ही आशा सोडा. बंगाली बायका तर मुद्दाम हिंदीवर अडून बसतात, खिडकीवर बंगाली बोललं की कोणीतरी "बांगलादेश की है क्या" विचारेल ही भीती असते. ती भीती खोटी नाहीये, म्हणून आधार कार्ड आणि केस पेपर तुमच्या हातात ठेवा आणि खिडकीवर तुम्हीच बोला.

स्वतःला भाषा येत नसेल तर साईटवरचीच दुसरी बाई शोधा आणि तिच्या खाड्याचे पैसे द्यायची सोय करा. दिवसाची हजेरी बुडवून ती तुमच्यासाठी फुकट का येईल? तीही नसेल तर फोन स्पीकरवर टाकून बोलणारं कोणीतरी आधीच ठरवून ठेवा. मोबाईलवरचं भाषांतर ॲप कितव्या खिडकीवर जायचं एवढ्यापुरतं ठीक आहे, ऑपरेशन किंवा गोळ्यांचा डोस त्याच्यावर सोडू नका.

आता कोणाला दुभाषी करायचं नाही ते. मुकादम नको, कारण त्याला आजार कळला की कामावरून काढायचं की नाही हे तो तिथेच ठरवतो. लेकरू नको. शाळेत जाणारी दहा वर्षांची मुलगी मराठी छान बोलते म्हणून तिच्या तोंडून तिच्या आईची पाळी आणि गर्भपात विचारायचे? मी हे होताना पाहिलंय, मुलगी मध्येच गप्प झाली आणि सगळ्यांना वाटलं आईला काही त्रास नाही. आणि नवरासुद्धा नको, निदान बायकांच्या तपासणीला तरी. तो सांगतो ते त्याचं मत असतं. गर्भपाताच्या बाबतीत तर लक्षातच ठेवा की १८ वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती कायद्याला पुरते, नवऱ्याची सही लागत नाही, त्यामुळे तो प्रश्न तिलाच तिच्याच भाषेत एकटीला विचारला गेला पाहिजे. बाकी सोनोग्राफीत "मुलगा की मुलगी विचारा ना दीदी" असं कोणी म्हणालं तर ते भाषांतर करायचंच नाही, १९९४ च्या कायद्याने ते सांगायलाच बंदी आहे, तसं त्यांना तिथेच सांगून टाका.

आत गेल्यावर आधी एक वाक्य दोघांनाही सांगा: मी फक्त बोलणं इकडून तिकडे करणार, माझ्या मनाचं काही घालणार नाही आणि काही गाळणार पण नाही. मग पेशंटच्या थोडं बाजूला, जरा मागे बसा, म्हणजे डॉक्टर तुमच्याकडे न बघता तिच्याकडे बघतात. "ती म्हणते की तिला दुखतं" असं नाही बोलायचं, ती "मला दुखतं" म्हणाली तर तुम्हीही "मला दुखतं" म्हणा. सुरुवातीला फार विचित्र वाटतं, एकदा एका डॉक्टरांनी मलाच विचारलं किती दिवस झाले तुम्हाला, पण याने गोंधळ खरंच कमी होतो. डॉक्टर भराभर बोलत असतील तर हात वर करून थांबवा, दोन वाक्यांच्या पुढे कोणाच्याच लक्षात राहत नाही. एखादा शब्द आला नाही तर सरळ सांगा की हा शब्द मला येत नाही, सोपा करून सांगा. अंदाज मारू नका (भूक आठवा).

ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर मात्र थांबाच. फॉर्म मराठी नाहीतर इंग्रजी, खाली अंगठा, आणि "यहाँ लगाओ" एवढंच भाषांतर होतं. सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की पेशंटला काय करणार, त्यात धोका काय, दुसरा पर्याय काय हे कळून मगच संमती, आणि तपासणीला दिलेली संमती म्हणजे ऑपरेशनला दिलेली संमती नाही. तेव्हा ओळन् ओळ सांगा, आणि कोणत्या भाषेत कोणी समजावलं ते फाईलमध्ये लिहायची विनंती करा. बहुतेक डॉक्टर लिहितात, घाईत कोणी वैतागलं तर वैतागू दे.

शेवटी गोळ्या. "कळलं का" विचारलं की मान हलतेच, म्हणून कळलं का विचारायचंच नाही. पाकीट तिच्या हातात द्या आणि म्हणा आता तू मला सांग कुठली कधी घेणार. चुकली की परत सांगा, परत विचारा. पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून द्या, आकडे टाळा, कारण बंगालीतला चार हा इंग्रजी आठसारखा दिसतो आणि बंगालीतला सात इंग्रजी नवासारखा, तिने स्वतः लिहून ठेवलेला आकडा तुम्ही भलताच वाचाल. पुढची तारीख "कल" "परसों" वर सोडू नका, आपल्याकडे काल आणि उद्या वेगळे आहेत, हिंदी-बंगालीत दोन्हीला एकच शब्द. कॅलेंडरवर गोल करून फोटो काढून द्या.

आहाराचा कागद तर असा असतो की ज्वारीची भाकरी, उसळ, ताक. मुर्शिदाबादची बाई भाकरी कुठून करणार, ती दोन वेळा भात आणि मधे मुडी म्हणजे आपले कुरमुरे खाते. हे डॉक्टरांना तुम्हीच सांगायचं, आणि विचारायचं की भात किती चालेल. एवढं तुमच्या मनचं बोलायला हरकत नाही, फक्त हे माझं म्हणणं आहे असं सांगून बोला. रमजान असेल तर रोजा आहे का तेही आधीच विचारून घ्या, दिवसातून तीन वेळा म्हटलेली गोळी नाहीतर सरळ दोनवर येते आणि कोणी सांगत नाही. डॉक्टर वेळा बदलून देतात कधीकधी, रोजा ठेवायचा की नाही ते तिचं तिला ठरवू द्या.

टीबीचा पेशंट असेल तर एक गोष्ट जास्त. साईट संपली की एका रात्रीत खोल्या रिकाम्या होतात, आणि उपचार साधारण सहा महिन्यांचे. निक्षय आयडीचा, म्हणजे टीबी पेशंटच्या सरकारी नोंदणी नंबरचा, फोटो तिच्या आणि अजून एकाच्या फोनमध्ये ठेवा, त्या नंबरवर उपचार गावाकडे बदलून मिळतात, आणि नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये पोषणाचे बँकेत येतात, त्यामुळे पासबुकाचं पण विचारा. ईदला नाहीतर पूजेला गावी निघायच्या आदल्या दिवशी नाही, पंधरा दिवस आधी हे काम करा.

आणि परत आल्यावर नळावर सगळ्या विचारतातच, काय झालं गं हिला. मी म्हणते लाईन फार होती, पाय दुखले माझे, आणि बादली उचलते.