मेळघाटातील कोरकू गावात आरोग्य शिबिर घेताना
शिबिराची तारीख ठरवण्यापूर्वी गावच्या आशा कार्यकर्तीशी बोलावे, कारण मोहफुले वेचण्याच्या किंवा पेरणीच्या दिवसांत घरी कोणी सापडत नाही, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी तर मुळीच नाही. तपासणीच्या वेळी कोरकू बोलणारी स्थानिक स्त्री सोबत असावी. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाचा दंडघेर मोजावा, तो ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास बालक अतितीव्र कुपोषित समजून त्याची भूक, ताप आणि पायांवरील सूज तपासावी व प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवावे. नुसत्या टॉनिकच्या बाटल्या वाटण्याला, माझ्या मते, शिबिर म्हणू नये. भूमकाला, म्हणजे गावातील पारंपरिक वैदूला, डावलू नये. आजारी मूल बहुधा आधी त्याच्याकडेच नेले जाते, त्यामुळे धोक्याची लक्षणे त्यालाही समजावून सांगावीत. परतण्यापूर्वी पुढील तपासणी कोण करणार, हे लेखी ठरवावे.