मैदा ब्लीच्ड की अनब्लीच्ड? आधी साखरेचं माप बघा

माझ्या डब्यात एकच मैदा असतो, अनब्लीच्ड, म्हणजे रसायनाने पांढरा न केलेला. ब्रेड, कुकीज, पिझ्झा, पफ सगळं त्यातच होतं. दुसरी पिशवी मी आणते ती फक्त एका जातीच्या केकसाठी.

ताज्या दळलेल्या मैद्याला पिवळसर झाक असते, ती कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांची. नुसता काही आठवडे ठेवला तरी हवेतल्या ऑक्सिजनने ती फिकी पडते. पण तेवढा धीर धरायचा कोणी? मग बेंझॉइल पेरॉक्साइड मिसळतात आणि मैदा दोन-तीन दिवसांत पांढराशुभ्र होतो. हे रसायन रंगापलीकडे फारसं काही करत नाही. त्यामुळे ‘ब्लीच्ड घेतला की केक हलका होतो’ असं कोणी सांगितलं, तर विचारा, कशाने ब्लीच केलेला?

कारण क्लोरीनची तऱ्हा वेगळी. केकच्या खास मैद्यावर क्लोरीन वायू सोडला की मैदा थोडा आम्लधर्मी होतो, ग्लुटेन (मैद्याला चिवटपणा देणारं प्रोटीन) कमजोर पडतं आणि स्टार्च जास्त पाणी धरून ठेवतो. ज्या केकमध्ये साखरेचं वजन मैद्यापेक्षा जास्त असतं, तिथे हे कामी येतं. एवढी साखर असली की स्टार्च घट्ट व्हायला उशीर लागतो. साध्या मैद्याचा असा केक ओव्हनमध्ये छान फुगतो आणि बाहेर काढला की मधोमध खचतो. बिचाऱ्या बेकिंग पावडरला उगाच बोल लागतो. युरोपीय संघात मैदा ब्लीच करायला परवानगीच नाही. तिथे अशा केकसाठी उष्णता देऊन तयार केलेला मैदा मिळतो.

म्हणून कृती कपात नाही, ग्रॅममध्ये वाचा. साखर मैद्याइतकी किंवा कमी असेल तर अनब्लीच्ड बिनधास्त घ्या. जास्त असेल तर क्लोरीनवाला केकचा मैदा शोधा, नाहीतर साखर मैद्याच्या वजनाइतकी खाली आणा. मी बहुतेक वेळा साखरच कमी करते, गोडही बेताचं होतं. कपातला दोन मोठे चमचे मैदा काढून तेवढं कॉर्नफ्लोर घालायची युक्ती चांगली आहे, केक मऊ होतो. पण ती फक्त प्रोटीन कमी करते, क्लोरीनचं काम तिच्याने होत नाही.

आणि हो, बहुतेक वेळा ब्लीचपेक्षा प्रोटीनचा आकडाच महत्त्वाचा. पाकिटामागे 100 ग्रॅमला किती ते बघा: केकला 8-9, कुकीजला 10-11, ब्रेडला 12च्या पुढे.

रंगाची चिंता पांढऱ्या स्पंजपुरतीच. चॉकलेट केकमध्ये कोणाला दिसणार आहे? तरी पाकिटावर काहीच लिहिलेलं नसेल, तर दोन मैदे एका काचेवर शेजारी-शेजारी घट्ट दाबा आणि काच अलगद पाण्यात बुडवून काढा. कोरडेपणी सारखे दिसणारे मैदे ओले झाले की फरक उघडा पडतो. फक्त पिवळसर आणि करडा यांत गल्लत नको. करडेपणा कोंड्याचा असतो.