गावातल्या पक्ष्यांची नोंद जगाच्या नकाशापर्यंत कशी पोचवावी

जगात पक्ष्यांच्या सुमारे ११ हजार जाती आहेत. त्या कुठे राहतात, कोणत्या महिन्यात कुठून कुठे जातात, याचे नकाशे आज कुणालाही मोबाइलवर उघडून बघता येतात. त्यातला महाराष्ट्र जवळ आणून पाहा. मुंबई-पुण्याभोवती, भिगवणला, नांदूर मध्यमेश्वरला नोंदींची दाटी दिसेल, आणि आडबाजूच्या कितीतरी तालुक्यांत जेमतेम चार ठिपके. तिथे पक्षी कमी आहेत असं थोडंच आहे? तिथे वही घेऊन कुणी उभं राहिलेलं नाही, एवढंच. हे नकाशे सुधारायचे तर त्या आडबाजूच्या गावांतूनच नोंदी यायला हव्यात, आणि त्यासाठी तज्ज्ञ असावं लागत नाही. नोंद कशी करायची एवढं मात्र नीट ठाऊक हवं.

साधन

पक्ष्यांच्या नोंदी करायचं ईबर्ड हे ॲप मोफत आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीविज्ञान प्रयोगशाळेने ऑडुबॉन सोसायटी या पक्षी-संवर्धन संस्थेबरोबर ईबर्डची वेबसाइट २००२ मध्ये सुरू केली, ॲप नंतर आलं. भारतात त्याचं काम बर्ड काउंट इंडिया हा गट पाहतो. सेटिंगमध्ये जाऊन पक्ष्यांची नावं मराठीत करून घ्या. आपल्या भागाचा पॅक, म्हणजे तिथल्या पक्ष्यांच्या नावांची यादी, आधी उतरवून ठेवला की रेंज नसतानाही यादी करता येते. मर्लिन हे दुसरं ॲप फोटोवरून आणि आवाजावरून पक्षी ओळखायला मदत करतं. पण मर्लिनने नाव दाखवलं म्हणून पक्षी यादीत घालू नका. तुम्ही स्वतः पाहिला किंवा ऐकला, आणि तुमची खात्री पटली, तरच.

पहिली पायरी: जवळची जागा निवडा

गावतळं, शेताचा बांध, शाळेचं मैदान, इमारतीची गच्ची, काहीही चालेल. अट एकच, तिथे वर्षभर पुन्हा पुन्हा जाता यायला हवं. स्थलांतर एका फेरीत दिसत नाही. भोरड्या मध्य आशियात वीण आटोपून जुलै-ऑगस्टपासून आपल्याकडे येऊ लागतात आणि एप्रिलच्या सुमारास निघून जातात. चातक पावसाच्या तोंडावर येतो. नवरंग पावसाळ्यात आपल्या रानांत वीण करतो आणि हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो. फक्त डिसेंबरात पक्षी बघायला निघणाऱ्याच्या याद्यांमध्ये यातलं बहुतेक काही उतरणार नाही. आठवड्यातून एकदा, त्याच जागी, सूर्योदयानंतरच्या तासाभरात गेलात तर वर्षाअखेर तुमच्या एकट्याच्या याद्यांवरून त्या जागेचं पक्षी-पंचांग तयार होईल.

दुसरी पायरी: ओळखीचे वीस-पंचवीस पक्षी

कावळा आणि डोमकावळा, साळुंकी, बुलबुल, होला, पारवा, वेडा राघू, खंड्या, कोतवाल, दयाळ, सातभाई, भारद्वाज, टिटवी, घार. एवढ्यांवर सुरुवात करा. कोकीळ आणि तांबट दिसण्याआधी ऐकू येतात, म्हणून त्यांचे आवाज आधी शिका. बाकीचे आपोआप जमत जातात.

तिसरी पायरी: यादी पूर्ण करा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि बहुतेकांची नोंद इथेच उणी पडते. किमान १५ मिनिटं थांबा किंवा चाला, आणि त्या वेळात ओळखू आलेला प्रत्येक पक्षी लिहा. कावळासुद्धा, पारवासुद्धा. मग ॲप विचारतं, ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवले का? तिथे मनापासून ‘हो’ म्हणता आलं पाहिजे.

यामागचं कारण समजून घ्या. तुम्ही फक्त धनेशाची नोंद केली, तर तिथे धनेश होता इतकंच कळतं. यादी पूर्ण असली, की तीत नसलेल्या पक्ष्यांबद्दलही काही कळतं. समजा, एका तालुक्यातून शंभर पूर्ण याद्या आल्या आणि त्यातल्या साठांमध्ये चिमणी आहे. दहा वर्षांनी पुन्हा शंभर याद्यांपैकी चाळिसांतच ती दिसली, तर चिमणीचं काहीतरी बिघडलं आहे हे आकड्यांतून दिसतं. निवडक पक्ष्यांच्या नोंदी लाखभर जमल्या तरी त्यातून हे कळत नाही. म्हणूनच दुर्मीळ पक्ष्यामागे धावणाऱ्याच्या एका फोटोपेक्षा रोजच्या पक्ष्यांच्या साध्या, पूर्ण यादीची किंमत मला जास्त वाटते.

संख्याही लिहा. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी मोजा, तेवढ्यांनी किती जागा व्यापली ते बघा आणि तशा किती जागा थव्यात बसतात याचा अदमास घ्या. संख्येच्या जागी फुली मारण्यापेक्षा असा अंदाज केव्हाही बरा.

चौथी पायरी: ठिकाण खरं हवं

ठिकाणातल्या खोटेपणाने केवढं नुकसान होतं, याची गोष्ट आपल्या खानदेशातच घडली आहे. जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८८०च्या दशकात खानदेशात रानपिंगळा या छोट्या घुबडाचे नमुने गोळा केले होते. त्यातला एक रिचर्ड माइनर्ट्झहेगन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकांनी संग्रहालयातून चोरला, त्यात पुन्हा भुसा भरला आणि आपल्याला तो १९१४ मध्ये तापीकाठच्या मांडवीला, म्हणजे गुजरातेत मिळाल्याची चिठ्ठी लावली. त्या पत्त्यावर विसंबून शोध घेणारे रिकाम्या हाताने परतले. रानपिंगळा नामशेष झाला असंच वाटू लागलं. पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षीतज्ज्ञांनी संग्रहालयातला नमुना बारकाईने तपासून ही लबाडी उघड केली आणि खऱ्या जुन्या नोंदींचा माग धरला. नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा जिवंत दिसला. १८८४च्या शेवटच्या खात्रीच्या नोंदीनंतर तब्बल ११३ वर्षांनी.

म्हणून ठिकाणाची खूण तुम्ही जिथे उभे होता तिथेच टोचा. घरी आल्यावर नुसतं तालुक्याचं नाव टाकू नका. दिवसभराची भटकंती एका यादीत कोंबू नका. ताम्हिणीचं जंगल आणि खाली कोकणातली भातखाचरं यांची एकच यादी केली, तर कोणता पक्षी कुठला हे कुणालाच सांगता येणार नाही. एक-दोन किलोमीटर झाले किंवा अधिवास बदलला, की नवी यादी उघडा. वेळ आणि अंतर ॲप स्वतः मोजतं, त्यात नंतर हात घालू नका.

पाचवी पायरी: पक्ष्याला त्रास नको

घरट्याजवळ रेंगाळू नका. आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका, विणीच्या काळात तर मुळीच नाही. शिकारीचा किंवा चोरीचा धोका असलेल्या काही जातींचं नेमकं ठिकाण ईबर्ड स्वतःच झाकून ठेवतं. तेच ठिकाण आपण फोटोसकट व्हॉट्सॲपवर टाकलं, तर त्या झाकण्याला काही अर्थ उरत नाही.

यादी पाठवल्यावर कधीकधी मेल येतो: ही नोंद या भागासाठी वेगळी आहे, आणखी माहिती द्याल का? राग मानू नका. तपासणारेही तुमच्या-आमच्यासारखे स्वयंसेवकच आहेत. काय पाहिलं ते लिहा, फोटो असेल तर जोडा. खात्री नसेल तर ‘घारीसारखा शिकारी पक्षी’ एवढंच नोंदवण्याची सोय आहे.

ठिपक्यांचा नकाशा कसा होतो

तुमची यादी गेल्यावर ती इतर याद्यांमध्ये मिसळते. कॉर्नेलचे अभ्यासक प्रत्येक यादीमागचा वेळ आणि अंतर हिशेबात धरतात, उपग्रहावरून दिसणारं जंगल, पाणी, शेती यांची सांगड घालतात, आणि साधारण ३ किलोमीटरच्या चौकोनांत एखादा पक्षी वर्षाच्या ५२ आठवड्यांत कुठे किती असेल याचा अंदाज काढतात. स्थलांतराचे सरकते नकाशे असे तयार होतात. जिथून याद्याच नाहीत तिथे हा अंदाज लंगडा पडतो.

केरळने त्यावर उत्तर शोधलं. २०१५ ते २०२० या काळात हजाराहून अधिक स्वयंसेवकांनी सगळं राज्य चौकोनांत वाटून घेतलं. चौकोन चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडले होते, त्यामुळे कुणी रबराच्या मळ्यात गेलं, कुणी बाजारपेठेत. प्रत्येक ठिकाणी जानेवारी ते मार्च आणि जुलै ते सप्टेंबर अशा दोन हंगामांत १५-१५ मिनिटांच्या याद्या झाल्या. त्यातून सुमारे ३ लाख नोंदी आणि ३६१ जातींचा नकाशासंग्रह उभा राहिला. एखाद्या कॉलेजच्या निसर्गमंडळाला हे तालुक्यापुरतं करता येईल. तालुक्याच्या नकाशावर चौकोन आखा, चिठ्ठ्या काढा, आणि निघालेला चौकोन कितीही रुक्ष वाटला तरी तिथे जा. ‘तिथे काय असणार’ म्हणून चौकोन बदलला, की सगळा खटाटोप वाया.

काही गोष्टी मात्र नुसत्या डोळ्यांनी कळत नाहीत. पाणटिवळ्यांच्या कुळातला शेपटीवर पट्टे असलेला एक पक्षी २०२२ मध्ये अलास्काहून टास्मानियाला ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर न थांबता उडाला, हे त्याच्या पाठीवरच्या उपग्रह-टॅगमुळे समजलं. अभ्यासकांनी पायात कडं घातलेला पक्षी दिसला तर कड्यावरची अक्षरं किंवा रंग टिपा, फोटो काढा, तारीख आणि जागा लिहा. बीएनएचएसच्या, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या, कड्यांवर संस्थेला कळवण्याची सूचना कोरलेली असते. जिवंत पक्ष्याच्या पायातलं कडं काढू नका.

या नोंदींचं पुढे काय होतं

भारतातल्या ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवरून २०२३ मध्ये ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल निघाला. त्यात ९४२ जातींचा आढावा आहे आणि १७८ जातींना संवर्धनात सर्वाधिक प्राधान्य द्यावं असं म्हटलं आहे. पण दीर्घकाळात कोण वाढलं, कोण घटलं, हे फक्त ३३८ जातींबद्दल सांगता आलं, आणि त्यातल्या ६० टक्के घटलेल्या निघाल्या. बाकीच्यांसाठी जुनी माहिती पुरेशी नव्हती.

इथे घरातली जुनी वही कामी येते. २००० सालाआधीच्या नोंदी फार थोड्या आहेत. एखाद्या निवृत्त शिक्षकांनी, वनरक्षकांनी किंवा तुमच्या आजोबांनी १९८०-९० च्या सुमारास तारीख आणि ठिकाणासह पक्षी टिपून ठेवले असतील, तर त्या याद्या आजही मूळ तारखेनिशी ईबर्डवर चढवता येतात. वेळ लिहिलेली नसेल तर अंदाजाने भरू नका, जुन्या नोंदींसाठीचा वेगळा पर्याय निवडा. वही ज्यांची आहे त्यांच्या शेजारी बसून हे काम करा. शंका आली तर विचारता येईल, आणि गावातलं तळं कधी बुजवलं, माळावरचं गवत कधी नांगरलं, हेही त्याच बैठकीत लिहून घेता येईल.